कोयनेचे धक्के आणि जमिनीचा सीटी स्कॅन

वांद्रे पूर्वेला अनंत काणेकर मार्गावर ‘प्रकाशगड’ आहे, महानिर्मितीचे मुख्यालय. कोयनेच्या १,९५६ मेगावॉट विजेचा कारभार आज या कंपनीकडे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि इकडे मुंबईची वीज गेली, कारखाने थबकले. त्यानंतर कोयनेचे धक्के थांबलेच नाहीत. पुढे याच धक्क्यांनी सह्याद्रीच्या पोटात काय आहे ते दाखवले. ज्या तंत्राने दाखवले, त्याचे कूळ मात्र युरोपातले.

मूळपुरुष झाग्रेबचा आंद्रिया मोहोरोविचिच. हा पेशाने हवामानशास्त्रज्ञ. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी शहराजवळच्या कुपा खोऱ्यात भूकंप झाला. वेगवेगळ्या वेधशाळांच्या नोंदी जुळवताना त्याला एकाच लाटेच्या जागी दोन दिसल्या. एक वरच्या खडकातून सरळ आलेली, दुसरी खोल उतरून जास्त वेगाच्या खडकातून धावलेली. दूरच्या ठिकाणी ही वळसा घेणारी आधी पोचत होती. त्यावरून त्याने सुमारे ५४ किलोमीटर खोलीवर कवचाचा तळ मांडला. त्या सीमेला आज जगभर ‘मोहो’ म्हणतात. एवढे लांबलचक आडनाव इतके सुटसुटीत झालेले दुसरे आठवत नाही.

त्याच्या हिशेबात कवचाचे थर पाटासारखे सपाट होते. प्रत्यक्षात एका दरीखाली कातळ, शेजारी गाळाने भरलेले खोरे. गाळात लाट रेंगाळते, कातळात धावते. हा फरक टिपायचा तर भूकंप नेमका कुठे झाला ते कळायला हवे, आणि ते कळायला खडकातला वेग माहीत हवा. हा पेच १९७६ मध्ये केइती अकी आणि विली ली यांनी कॅलिफोर्नियातल्या बेअर व्हॅलीच्या नोंदींवर सोडवला. प्रत्येक भूकंपाची चार अज्ञाते (अक्षांश, रेखांश, खोली, वेळ) आणि जमिनीच्या प्रत्येक ठोकळ्यातला वेग, सगळे एकाच गणितात घातले. त्याच वर्षी रॉबर्ट क्रॉसन यांनी प्युजेट साउंडच्या परिसरात अशीच एकत्र उकल मांडली. फक्त त्यांचे थर अजून सपाटच होते. लंडनमध्ये १९७१ साली हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅन यंत्राने क्ष-किरणांतून रुग्णाच्या डोक्याचे काप दाखवले होते. इथे क्ष-किरणांच्या जागी भूकंप आले.

कोयनेत हे किरण फुकट मिळतात. धक्के बहुतेक २० बाय ३० किलोमीटरच्या टापूत आणि फार खोल नव्हे. भूकंपमापन स्थानकाच्या नोंदीत आधी बारीक थरथर येते, ती ‘पी’ लाट. मग मोठी झेप, ती ‘एस’. दोघींत एका सेकंदाचे अंतर असेल तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर झाला असे धरतात. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या रेषांवर सुरुंग उडवून खालचे थर तपासले होते. पण सुरुंग खर्चिक, त्यांची ‘एस’ लाट दुबळी, आणि ते पृष्ठभागाजवळच उडतात. भूकंप आतूनच बोलतो. म्हणून नव्वदच्या दशकात याच संस्थेने कोयना–वारणेच्या धक्क्यांवरून खालच्या वेगाचे चित्र काढले, आणि २०१४ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिकांच्या साथीने दाट स्थानकांवरून अधिक बारीक चित्र प्रसिद्ध झाले. ‘पी’ आणि ‘एस’ यांच्या वेगांचे गुणोत्तर पाहिले की भेगांत पाणी असण्याचा अंदाज बांधता येतो. जिथे धरणाच्या जलाशयालाच भूकंपाचे कारण मानतात, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

वांद्र्याखाली असे चित्र काढणे अवघड, कारण इथे कोयनेसारखे रोजचे धक्के नाहीत. मुंबईकराने याची खंत करू नये!

कोयनेच्या चित्राला मर्यादाही आहेत. लाव्हाच्या थरांखाली जुना गाळ दडला आहे का, हा दख्खनभरचा जुना प्रश्न. पातळ थर लाटांच्या चित्रात सहज पुसट होतो. त्याचा निकाल कोयनेपुरता शेवटी छिद्रानेच दिला. धरणाजवळ रासाटीला दीड किलोमीटर खोल गेलेल्या ड्रिलला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मध्ये गाळाचा थर नव्हता.