दर्शनी भिंत तेवढी उरली

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत गावातल्या जुन्या धर्मशाळेचा विषय निघाला आणि अर्धवट राहिला, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. त्या विषयाकडे मी शेवटी येते. आधी एका चर्चची गोष्ट सांगते. ते चर्च आपल्यापासून फार लांब, चीनच्या किनाऱ्यावर मकाव नावाच्या गावात होतं. आता त्याची समोरची एक भिंत तेवढी उभी आहे. बाकीचं १८३५ साली एका स्वयंपाकघरातून उठलेल्या आगीत गेलं.

मकावचा आणि आपला संबंध काय, असं वाटेल. तो गोव्यातून आहे. पोर्तुगीज लोक १५५७च्या सुमारास मकावला वस्ती करून राहिले. त्यांचा पूर्वेकडचा सगळा कारभार गोव्यातून चाले. गोव्याहून जहाज निघायचं, मकावला थांबायचं, तिथं चिनी रेशीम भरायचं आणि जपानला जायचं. परत येताना जपानची चांदी आणायचं. या जहाजांवर व्यापारी असत, शिपाई असत, तसे येशूसंघाचे पाद्रीही असत. त्यांना जेझुइट म्हणतात. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया याच वाटेनं जपानला गेला होता. १५९७ साली नागासाकीत त्याला क्रुसावर चढवून मारलं. पुढे १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत ठरवलं. म्हणजे मकाव आपल्याला नकाशावर सापडत नसलं, तरी वसईच्या माणसाला ती वाट माहीत होती.

मकावमध्ये जेझुइटांनी १५९४ साली मोठं कॉलेज काढलं, सेंट पॉल या नावाचं. त्याला लागून चर्च होतं. ते १६०१ साली जळालं. मग पुढच्याच वर्षी नव्या, भक्कम चर्चचा पाया घातला. कोनशिलेवर १६०२ हा आकडा आजही वाचता येतो. चर्च देवाच्या आईच्या नावानं होतं, म्हणजे मारियेच्या. कॉलेजमुळे लोक त्याला सेंट पॉल म्हणायला लागले आणि तेच नाव चालू राहिलं. आईच्या नावाचं घर आणि ओळख दुसऱ्याच्या नावानं, हे आपल्याला काही नवीन नाही!

त्याचा आराखडा कार्लो स्पिनोला नावाच्या इटालियन पाद्र्यानं केला, असं मानतात. पण ती भिंत पुरी झालेली पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. तो जपानला गेला आणि १६२२ साली तिथं त्याला जिवंत जाळलं. जपानमध्ये तेव्हा ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होता. कितीतरी कुटुंबं जीव वाचवून मकावला आली होती आणि त्यांच्यात कारागीर होते. या जपानी कारागिरांनी आणि तिथल्या चिनी पाथरवटांनी मिळून ती दर्शनी भिंत घडवली. काम १६४०च्या आसपास पुरं झालं. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं. आजोबांनी छिन्नी धरली असेल आणि नातवानं ठेवली असेल.

त्या भिंतीचं थोडं सविस्तर सांगते, कारण पाहण्यासारखं तिथंच आहे. भिंत काळसर करड्या दगडाची, ग्रॅनाइटची, पाच मजली. खाली साठाहून जास्त रुंद पायऱ्या. वर निमुळत्या टोकाला पितळी-काशाचं कबूतर, त्याच्या भोवती सूर्य, चंद्र आणि तारे. त्याखाली बाळ येशू. आणि त्याखाली मधोमध मारिया, भोवती देवदूत. तिच्या बाजूला फुलं कोरली आहेत, त्यातली काही चीनच्या लोकांच्या आवडीची पिओनी आणि काही जपानची शेवंती. ज्याला आपल्या दारातलं जे फूल आठवलं ते त्यानं देवीला वाहिलं, असं मला वाटतं. एका बाजूला सात तोंडांचा अजगरासारखा राक्षस आहे आणि त्याच्या डोक्यावर मारिया उभी आहे. शेजारी चिनी अक्षरात तसं लिहिलेलंही आहे. आपल्याकडे महिषासुरमर्दिनी पाहिलेल्या बाईला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आणखी एक पोर्तुगीज गलबत आहे, एक सांगाडा आहे, आणि कोपऱ्यांवर चिनी देवळांत असतात तसले सिंह आहेत. धातूच्या मूर्ती मकावच्या तोफखान्यात ओतल्या असं मानतात. त्या कारखान्याचा मालक मानुएल बोकारो हा गोव्यातल्या तोफा ओतणाऱ्या घराण्यातला. म्हणजे तोफा ओतणाऱ्या हातांनी देवही ओतला.

हे झालं बाहेरचं. आतलं छत लाकडाचं होतं. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६३७ साली मकावला आला होता. त्यानं आपल्या वहीत या छताचं फार कौतुक केलं आहे. चिनी सुतारांनी कोरलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं, लाल-निळ्या रंगांनी रंगवलेलं, इतकं सुंदर छत आपण पाहिलं नव्हतं असं तो लिहितो. आज ते छत फक्त त्याच्या वहीत आहे.

आता ते गेलं कसं? लोक म्हणतात आगीनं. तारीखही पक्की आहे, २६ जानेवारी १८३५. पण मला विचाराल तर ते जायला सुरुवात त्याच्या त्र्याहत्तर वर्षं आधी झाली होती.

पोर्तुगालचा राजा आणि त्याचा मंत्री पोंबाल यांचं जेझुइटांशी बिनसलं. १७५९ साली त्यांनी या संघाला राज्याबाहेर काढायचा हुकूम काढला. तो हुकूम समुद्रातून हळूहळू आला आणि १७६२ मध्ये मकावच्या जेझुइटांना धरून बोटीत घातलं. कॉलेज बंद पडलं. ज्यांनी ती वास्तू बांधली, जे रोज झाडत होते, गळकं कौल कुठलं आणि कुठल्या खांबाला वाळवी लागते हे ज्यांना माहीत होतं, ती माणसं एका हुकमासरशी गेली. वास्तू सरकारजमा झाली. सरकारजमा म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. आपल्या गावातल्या गायरानाचं काय झालं ते आठवा.

पुढे कॉलेजच्या इमारतीत लष्कराची बराक आली. शिपाई राहायला लागले. शिपाई आले म्हणजे त्यांचा भटारखाना आला. भटारखाना म्हणजे सरपण. शेकडो माणसांचं रोज शिजणार, मग लाकडाचे ढीग लागणार. त्या स्वयंपाकघरातून आग लागली आणि कॉलेजमधून चर्चच्या छतापर्यंत गेली. दोनशे वर्षं उन्हापावसात वाळलेलं लाकूड, त्यावर सोन्याचा वर्ख आणि रंग. आपण चुलीपुढं बसणाऱ्या बायका आहोत, ते कसं पेटलं असेल हे आपल्याला कुणी सांगायला नको. छताच्या पोकळीत एकदा आग शिरली की ती खालून दिसत नाही. आतल्या आत धावते आणि वारा ओढून घेते. दिसते तेव्हा तुळया खाली यायला लागलेल्या असतात. आणि छत पडलं की उंच भिंतींना एकमेकींचा आधार राहत नाही. एका रात्रीत कॉलेज आणि चर्च दोन्ही संपली. समोरची भिंत जाड दगडाची म्हणून राहिली, आणि पायऱ्या राहिल्या.

तेव्हाच्या शिपायांना मी फार दोष देत नाही. त्यांना जागा दिली, ते राहिले आणि त्यांनी चूल पेटवली. दोष असलाच तर ज्यांनी जागा देताना चूल कुठं मांडायची हे विचारलं नाही त्यांचा आहे.

थोडं वाचलंही. सतराव्या शतकातलं एका देवदूताचं, सेंट मायकलचं, जपानी धाटणीचं चित्र आज तिथल्या संग्रहालयात आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात ठेवलं आहे, त्या फ्रान्सिस झेवियरच्या हाताचं एक हाड या चर्चमध्ये होतं. ते आता मकावच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये आहे.

त्याच १८३५ साली गोव्यात काय चाललं होतं, हे मला दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रामसंघाच्या सहलीत कळलं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मोडका मनोरा आपण पाहिला. जांभ्या दगडाचा, अर्धाच उरलेला. तेव्हा आपल्यातल्या एका मावशींनी विचारलं होतं, "हे कुणी पाडलं गं? मराठ्यांनी का इंग्रजांनी?" मी म्हटलं, "कुणीच पाडलं नाही मावशी." पोर्तुगाल सरकारनं त्या साली गोव्यातले सगळे मठ बंद केले आणि ऑगस्टीनचे साधू निघून गेले. सातच वर्षांनी, १८४२ मध्ये, चर्चची कमान आपोआप खाली आली. मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली कोसळला. तिथं आग लागली नव्हती. पाऊस, वड-पिंपळाची मुळं आणि रिकामपण, एवढंच. मोठी घंटा तेवढी लोकांनी काढून नेली. ती आज पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये वाजते. घंटा हलवता येते म्हणून टिकते. वसईच्या चर्चमधल्या घंटाही अशाच चिमाजी आप्पांच्या फौजेबरोबर आल्या. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. छत कुठं उचलून नेणार?

मकावच्या भिंतीचं पुढं बरं झालं. एक वेळ अशी आली होती की भिंत कलते आहे, पाडून टाकावी, असं बोललं जात होतं. लोकांना ते पटलं नाही. १९९० ते १९९५ या काळात तिथल्या सांस्कृतिक खात्यानं मागं खोदकाम केलं, जुन्या पायाच्या खुणा उघड्या केल्या आणि भिंतीला मागून काँक्रीट-पोलादाचा टेकू दिला. जपान आणि व्हिएतनाममधल्या हुतात्म्यांच्या अस्थी तिथं तळघरात जपून ठेवल्या आहेत. १९९९ साली मकाव चीनकडे परत गेलं आणि २००५ मध्ये या भागाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं. भिंतीला अगदी खेटून ना चा नावाच्या बालदेवाचं छोटं चिनी देऊळ आहे, १८८८ सालचं. त्याच्या शेजारी जुन्या तटाचा तुकडा आहे. तो माती, वाळू, भाताचं काड आणि शिंपल्यांचा बनवलेला आहे. मातीकाम केलेल्या बाईनं त्याचा फोटो जरूर बघावा. मी बैठकीत मोबाईलवर दाखवीन.

आता आपली धर्मशाळा. तिच्यावर कुणी प्रवासी जहाजातून येऊन लिहिणार नाही, हे खरं. पण सागवानी खांब आहेत, वर माळवद आहे आणि खांबांच्या डोक्यावर पोपट कोरलेले आहेत. एसटी सुरू झाल्यापासून वारीची माणसं मुक्कामाला थांबत नाहीत, म्हणून ती रिकामी. गटाला मसाला आणि शेवयांसाठी जागा हवी आहे आणि ती मागणी मीच मांडली होती. काही जणींचं म्हणणं, जुनी वास्तू आहे, तिला हात लावू नका, कुलूप राहू दे. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. कुलूप लावलेल्या घराचं काय होतं ते आपण ऑगस्टीनच्या मनोऱ्याखाली उभं राहून पाहिलं आहे.

पण मकावचं वाचल्यापासून माझ्या मागणीतली एक ओळ मला खुपते. त्यात मी लिहिलं होतं, "मिरची-धणे भाजण्यासाठी मागील खोलीत भट्टी." मागील खोली म्हणजे जिथं माळवद सगळ्यात खाली आलं आहे ती. आणि परवा मी गेले तर भिंतीला लागून कुणीतरी पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला, पार वळचणीपर्यंत. कुणाच्या आहेत हे विचारलं तर सगळ्यांनी हात वर केले. शेवटी आम्ही चौघींनी त्या उचलून ओढ्याच्या बाजूला नेल्या. हाताला खरचटलं, पण संध्याकाळपर्यंत भिंत मोकळी झाली.

तर अर्ज मी बदलला आहे. भाजणी बाहेर, पत्र्याच्या वेगळ्या शेडमध्ये. आत फक्त निवडणं, दळणाची वजनं, पाकिटं भरणं. गॅसची टाकी आत ठेवायची नाही. वाळूच्या दोन बादल्या दाराशी. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, माळवदावर नवी माती टाकायची आणि तो खर्च गटाच्या नफ्यातून. शेडचा खर्च वाढतो, मला कल्पना आहे, आणि त्यावर भांडण होणार हेही माहीत आहे. मावशी मला फोनवर म्हणाल्याच, "अगं, आधी जागा तर मिळू दे."

ग्रामसभा पुढच्या पंधरवड्यात आहे. अर्जाची पोच अजून मिळालेली नाही, सोमवारी परत बोलावलं आहे. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी दहाच्या आत पाराजवळ थांबा, आपण मिळून जाऊ.