डिस्क भरली की कम्पायलर 'बस एरर' का देतो?

प्रोग्राम बिल्ड होत असतो, शेवटचा टप्पा येतो आणि स्क्रीनवर फक्त 'बस एरर' दिसतं. तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. खरं तर डिस्क भरलेली असते. मग तसं सरळ सांगितलं का जात नाही?

शेवटचा टप्पा लिंकरचा. कम्पायलरने तयार केलेले तुकडे जोडून तो एकच फाइल बनवतो. वेगासाठी अनेक लिंकर ही फाइल मेमरीत 'मॅप' करतात, म्हणजे मेमरीत लिहिलं की ते फाइलमध्ये उतरतं. त्याआधी फाइलचा आकार ठरवावा लागतो. युनिक्स घराण्यात ते काम 'एफट्रंकेट' करतं, पण ते सहसा फक्त आकार नोंदवतं. फाइल ५०० एमबीची दिसते, डिस्कवर जागा मात्र राखलेली नसते. वेटिंगचं तिकीट हातात आहे, बर्थ नाही, तसंच. लिहिता लिहिता जागा संपली, की लिनक्स एरर कोड देत नाही, थेट 'सिगबस' सिग्नल पाठवतं आणि प्रोग्राम बंद पडतो.

यावर उपाय 'पॉझिक्स-फॅलोकेट'. हे फंक्शन जागा आधीच राखून ठेवतं आणि ती नसेल तर 'ईनोस्पेस' हा एरर देतं. एक खोच आहे: एरर क्रमांक 'एररनो'मध्ये न ठेवता ते थेट परत करतं. सवयीने उणे एक तपासणाऱ्याला एरर कधी दिसतच नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. मॅकओएसवर हे फंक्शन नाही. जागा संपल्याचा क्रमांक लिनक्सवर २८, विंडोजवर ११२. फाइल सिस्टिममध्ये सोय नसेल तर ग्लिबसी ब्लॉकगणिक लिहून वेळ भागवते, मसल लायब्ररी मात्र 'सोय नाही' म्हणते. फ्रीबीएसडीवर झेडएफएस असेल तर 'ईइनव्हल' मिळू शकतो, म्हणजे नुसतंच 'चुकीची विनंती'.

म्हणून 'जागा नाही' आणि 'जागा राखायची सोय नाही' हे वेगळं ओळखावं लागतं. एलएलव्हीएम दुसऱ्या प्रकारचे एरर सोडून देऊन एफट्रंकेटकडे वळतं, बाकीचे वापरणाऱ्यापर्यंत पोचवतं. क्रमांकांचा घोळ सी++११ मधल्या सामाईक एरर-नावांनी सुटतो: २८ आणि ११२ दोन्ही 'डिव्हाइसवर जागा नाही' या एकाच नावाशी जुळतात.

एफट्रंकेटच्या वाटेवर सिगबसचा धोका परत येतो, पण ती वाट नसती तर झेडएफएसवर लिंकिंगच अडलं असतं. एलएलडी लिंकरमध्ये मॅपिंग बंद करण्याचा पर्यायही आहे.