पॅसेजमधला गालिचा

परवा आमच्या अपार्टमेंटच्या पॅसेजमधला गालिचा शेवटी गुंडाळला गेला. दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये तो घालावा म्हणून हात वर करणाऱ्यांत अस्मादिकही होते. म्हणून ही कबुली.

अमरावतीकरांना काळ्या मातीची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात ती चपलेला धरते, उन्हाळ्यात तिची भुकटी घरभर होते. माझ्या लहानपणी अकोल्याच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. भजनाला, लग्नकार्याला सतरंजी नाहीतर जाजम निघायचं. कार्य उरकलं की चौघं चार कोपरे धरून ते अंगणात झटकायचे, आणि घडी पुन्हा माळ्यावर! कायम अंथरलेला गालिचा ही थंड मुलखातली चैन. तिथेही तो साफ ठेवणं सोपं नव्हतंच. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं. ते एवढं अवजड, की घोडे जुंपून आणावं लागे. यंत्र रस्त्यात उभं आणि नळ्या खिडकीतून आत! १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ झाले.

पुढच्या तीनच वर्षांत, १९०५ मध्ये, आपल्या वऱ्हाडातला एक शेतकरी घर सोडून निघाला. शेंडगावचा डेबूजी, म्हणजेच आपले गाडगेबाबा. यंत्र नाही, नळी नाही. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घ्यायचे, रात्री त्याच गावात कीर्तन. झाडलेली जागा त्यांची नव्हती, हे मला फार मोठं वाटतं. आपलं अंगण तर कुणीही झाडतो हो! २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. पुढे २००० साली राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आमच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. शाळेत मीही दरवर्षी त्यांच्यावर भाषण ठोकायचो.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट कायद्याने जिना, पॅसेज सगळ्यांच्या सामाईक मालकीचे केले. सामाईक म्हणजे काय, ते गालिच्याने शिकवलं. बारा घरांची ये-जा, पोट्ट्यांच्या सायकली, दूधवाला, कुरिअरवाला. पायपुसणं मात्र दोनच दारांपुढे. महिन्याभरात कुबट वास सुटला. आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलं की झाडणाऱ्या मावशी अंगचोरपणा करतात. त्यांचे दोनशे रुपये कापायचे असं ठरलं, तेव्हाही माझा हात वर होता.

मावशी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझंच दार वाजवलं, गालिच्याचा कोपरा उचलला आणि म्हणाल्या, "गुरुजी, वरून झाडलं तं साफ दिसते, पण माती खाली जाऊन बसते. आता सांगा, झाडू कसं?" खाली बोटभर मातीचा थर होता. गाडगेबाबांवर तीस वर्षं बोलणारा मी, गप्प उभा राहिलो.

कापलेले पैसे त्यांना परत दिले. गालिचा आम्ही चौघांनी गच्चीवर नेऊन झटकला. त्यात एक मी, बाकी तिघं सायकलवाली पोट्टी. पॅसेजमधली माती बादल्या भरभरून निघाली.

असो. गालिचा सध्या मोटरच्या खोलीत पडून आहे. कुणाला हवा असल्यास कळवा, फुकट आहे.