गाविलगडावरील गंडभेरुंड आणि सममितीची संकल्पना

भौतिकशास्त्र व कला यांना जोडणारा दुवा म्हणून सममितीचा उल्लेख होतो, तेव्हा बहुधा ताजमहाल वा हिमस्फटिक यांचीच उदाहरणे दिली जातात. वऱ्हाडच्या अभ्यासकास त्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेल्यावर लागणाऱ्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर शार्दूलांच्या जोडीने दोन मुखांचा पक्षी, म्हणजेच गंडभेरुंड, कोरलेला आहे. त्याच्या चोचींत हत्ती आहेत.

या शिल्पाचा अर्थ आजवर प्रामुख्याने राजकीय दृष्टीने लावला गेला. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू होता व बालपणी कैद होऊन बहमनी सेवेत आला, असे फरिश्ता सांगतो. त्याने १४८८ च्या सुमारास या गडाची डागडुजी केली आणि १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. त्यावरून गंडभेरुंड ही त्याच्या जन्मभूमीची खूण ठरविली जाते. हा तर्क आकर्षक असला तरी तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

हर्मन वाइल या गणितज्ञाने सममितीवरील आपल्या १९५२ च्या ग्रंथात दुमुखी गरुडाची मीमांसा केली आहे. समोरून दाखविलेल्या पक्ष्याचे पंख व पंजे दोन्ही अंगांस सारखे येतात. एका बाजूस वळलेली मान तेवढी हा तोल मोडते. सममितीचा आग्रह शेवटपर्यंत नेला की दुसरे मुख अटळ होते. येथे रचनेच्या नियमाने निसर्गाशी असलेले साम्य बाजूस सारले. (निसर्ग स्वतः मात्र डाव्या-उजव्याबाबत इतका काटेकोर नाही, हे १९५७ मध्ये क्षीण आंतरक्रियांच्या प्रयोगातून सिद्ध झाले. ते पाहण्यास वाइल हयात नव्हता.) तक्षशिलेजवळील सिरकपच्या स्तूपावर आणि अनातोलियातील हित्ती शिल्पांतही दुमुखी पक्षी आढळतो, तो यामुळेच आश्चर्यकारक वाटत नाही.

पिएर क्युरीने १८९४ मध्ये मांडलेले तत्त्व इतिहासकारासही उपयोगी पडावे असे आहे. परिणामात दिसणारी असममिती कारणात असलीच पाहिजे; परंतु परिणाम कारणापेक्षा अधिक सममित असू शकतो. म्हणजेच सममितीवरून मूळ कारण एकच होते असे सिद्ध होत नाही. हे तत्त्व शिल्पास जसेच्या तसे लागू होत नाही हे खरे. तथापि दोन मुखे एवढ्यावरून वंश वा प्रदेश ठरविणे धोक्याचे, हा इशारा त्यातून निश्चित मिळतो. पुरावा शोधायचा तो विशेष तपशिलात, येथे चोचीतील हत्तीत.

हत्ती धरलेला गंडभेरुंड विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर आहे खरा. पण अच्युतरायाची कारकीर्द १५२९ ते १५४२ ची. दिल्ली दरवाजाचे शिल्प १४८८ च्या डागडुजीतील मानले, तर ते या नाण्यांहून किमान चाळीस वर्षे आधीचे ठरते. नाण्यांवरून दरवाजाचा अर्थ लावणे त्यामुळे कालक्रमास धरून नाही. दुसरीकडे, कर्नाटकातील बळ्ळिगावे येथील गंडभेरुंड स्तंभ १०४७ चा, म्हणजे विजयनगरच्या स्थापनेपूर्वी सुमारे तीन शतके आधीचा आहे. तेव्हा गाविलगडाच्या पक्ष्यास विजयनगरचे राजचिन्ह म्हणण्यापेक्षा जुन्या कर्नाटकी परंपरेतील आकृती म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. फतहुल्लाच्या कानडी मूळाचा आधार फरिश्त्याचे कथन हाच राहतो.