निवडुंग-संवर्धन
निवडुंग-संवर्धन : कॅक्टेसी कुलातील वनस्पतींची शोभेसाठी व हौसेसाठी घरी, अंगणात किंवा कुंडीत केली जाणारी लागवड आणि निगा. मराठीत ‘निवडुंग’ हे नाव दोन भिन्न कुलांतील वनस्पतींना लावले जाते. त्रिधारी निवडुंग, थोर, शेर या वनस्पती एरंड कुलातील असून त्यांच्यातून पांढरा चीक निघतो. त्यांतील स्नुही आयुर्वेदास पूर्वापार परिचित आहे व तिचा चीक क्षारसूत्र तयार करताना आजही वापरतात. फड्या निवडुंग मात्र अमेरिका खंडातून आलेला आहे. त्यास चीक नसतो आणि त्याचे काटे लोकरीसारख्या बारीक उशीवरून पुंजक्याने निघतात. ही उशी खऱ्या कॅक्टसची निश्चित खूण होय. ‘कॅक्टस’ म्हणून बाजारात विकली जाणारी अनेक रोपे या कसोटीस उतरत नाहीत. एखाद्या जातीचा अपवाद वगळता हे सर्व कुल मूळचे अमेरिकेतीलच असल्याने भारतातील निवडुंग-संवर्धनाचा इतिहास अमेरिकेशी दळणवळण सुरू झाल्यानंतरचाच आहे.

हा इतिहास हौसेतून नव्हे, कुंपणातून सुरू होतो. फड्या निवडुंग दख्खनच्या कोरड्या हवेत विनासायास वाढला व शेताच्या बांधावर आणि गावकुसाभोवती त्याची अभेद्य वई झाली. पुण्याच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाचे नाव मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडल्यावरून पडले, अशी परंपरा आहे. मिठाची चोरटी आयात रोखण्यासाठी इंग्रजांनी उत्तरेपासून बऱ्हाणपूरपर्यंत व तेथून पुढे पूर्वेकडे जी जकातरेषा उभी केली होती, तिच्या काटेरी कुंपणातही बाभूळ, बोर व करवंदीबरोबर निवडुंग होता. ही रेषा १८७९ मध्ये मोडण्यात आली.

दुसरे कारण रंगाचे. निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि त्याचा व्यापार स्पॅनिश लोकांच्या हाती होता. तो भारतात उभारावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने प्रयत्न केले. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने रिओ दे जानेरोहून किडे कलकत्त्यास आणले, पण ते खऱ्या कोचिनियलचे नव्हते, कमी प्रतीच्या दुसऱ्या जातीचे होते. रंगाचा धंदा फसला. किड्यांनी मात्र उत्तर भारतातील ओपन्शिया मोनॅकँथा या निवडुंगाचा फडशा पाडला. त्यानंतर १८३६–३८ च्या सुमारास हेच किडे मुद्दाम दक्षिणेत सोडण्यात आले. एखाद्या उपद्रवी वनस्पतीच्या नाशासाठी कीटकाचा हेतुपूर्वक उपयोग केल्याची ही जगातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक घटना मानतात. ओपन्शिया डिलेनाय या दुसऱ्या जातीवर या किड्यांचा काही परिणाम होईना. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनियलची आणखी एक जाती आणण्यात आली. तिने पुढील काही वर्षांत दक्षिण भारतातील मोठे क्षेत्र निवडुंगमुक्त केले. शेतकऱ्यास जमीन परत मिळाली हे खरे. परंतु दुष्काळात काटे भाजून गुरांना घालण्याजोगा जो हिरवा फड हाताशी असे, तोही पुष्कळ ठिकाणी त्याबरोबर गेला. हा तोटा फारसा कोणी मोजला नाही. बिनकाट्याच्या ओपन्शियाचा चारा म्हणून जो पुरस्कार आज केला जातो, त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहणे उचित ठरते. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था व पुणे जिल्ह्यातील बाएफ यांनी त्यावर काम केले आहे.

मराठी घरांत सर्वाधिक प्रेमाने वाढविला जाणारा कॅक्टस बहुतेकांना कॅक्टस म्हणून ठाऊकच नाही. महाराष्ट्रात ‘ब्रह्मकमळ’ म्हणून ओळखली जाणारी, पावसाळ्यात रात्री उमलणारी पांढरी सुगंधी फुले देणारी वनस्पती म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम होय. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातील असून त्याचा हिच्याशी काडीमात्र संबंध नाही. हिची पाने म्हणून जी दिसतात, ती वस्तुतः चपटी खोडे होत. त्यांचा तुकडा मातीत खोचला की रोप तयार होते. यामुळे ही वनस्पती रोपवाटिकेपेक्षा शेजारणीकडून शेजारणीकडे पसरली. फूल उमलण्याच्या रात्री आळीतील मंडळींना बोलावण्याची, त्याची पूजा करण्याची रीत अनेक घरांत आहे. नावाची चूक येथे श्रद्धेच्या आड आलेली नाही. निगेत मात्र ‘कॅक्टस म्हणजे ऊन’ हा समज हिला मारक ठरतो. ही झाडांच्या फांद्यांवर वाढणारी वनस्पती आहे. हिला विरळ सावली, कुजलेल्या पाल्याचे खत आणि बेताचा ओलावा हवा. वैशाखाच्या उन्हात ती पिवळी पडते.

वाळवंटी निवडुंगांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची त्वग्रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड अम्लरूपाने साठवून दिवसा प्रकाशात वापरला जातो. पाण्याची अशी काटकसर करणाऱ्या वनस्पतीस रोज पाणी घालणे म्हणजे तिला बुडविणेच होय. मराठवाड्यात ही अडचण मातीमुळे वाढते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे पूर्णा नदीवरील, १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचे गाव. तेथील परिसर असिताश्म खडकाचा आहे. सखल भागातील काळी जमीन पाणी धरून ठेवते, ओली असता फुगते व वाळली की भेगाळते. कापसास ती चांगली. कुंडीतील निवडुंगाची मुळे मात्र तीत कुजतात. उपाय त्याच शिवारात आहे. चढावरचा मुरूम चाळून, त्यातील धूळ टाकून, राहिलेले बारीक खडे दोन भाग, भरड वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले पानखत एक भाग असे मिश्रण करावे. कुंडी मातीची, तळाशी भोक असलेली व रोपापेक्षा थोडीच मोठी असावी. उन्हाळ्यात व वाढीच्या काळात माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी भरपूर द्यावे. कार्तिकापासून माघापर्यंत ते जवळजवळ तोडावे. या विश्रांतीमुळे मॅमिलॅरियासारख्या जातींना फुले चांगली येतात. विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर साचतो, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी अधिक चांगले.

मराठवाड्यात निवडुंग उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात अधिक मरतात. सततच्या झडीत बुंधा मऊ व तपकिरी होऊन दुर्गंधी सुटते. अशा वेळी औषध शोधण्यात वेळ न दवडता स्वच्छ धारेच्या चाकूने निरोगी, डाग नसलेला गर दिसेपर्यंत खालचा भाग कापून टाकावा, वरचा शेंडा सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यावा व नंतर कोरड्या वाळूत ठेवावा. मुळे फुटेपर्यंत पाणी देऊ नये. पावसाळ्यापूर्वीच कुंड्या पागोळीखाली नव्हे, तर छपराखाली हलविल्या तर ही वेळ सहसा येत नाही. रोप बारीक, फिकट व उंच होत असल्यास प्रकाश अपुरा समजावा. पण सावलीतले रोप एकदम चैत्राच्या उन्हात ठेवल्यास त्यावर पांढरट डाग पडतात व ते कधीच जात नाहीत. त्यास दोन-तीन आठवड्यांत क्रमाने ऊन दाखवावे. कोरड्या हवेत लाल कोळी शेंड्यावर गंजासारखा रंग आणतो. कापसासारखे पुंजके दिसले, तर ते बहुधा पिठ्या ढेकणाचे असतात. ओपन्शियावर मात्र ते कोचिनियलचेही असू शकतात. किडा चिरडला असता किरमिजी रंग आला की ओळख पटते. दोन शतकांपूर्वी ज्याच्यासाठी कंपनीने जहाजे धाडली, तो किडा आज स्पिरिटात बुडविलेल्या कापसाने पुसून टाकावयाचा असतो. मुळांवरील ढेकूण वरून दिसत नाहीत. रोप कारणाविना खुंटले असता ते कुंडीतून काढून पाहावे.

रोपवाटिकांतून विकले जाणारे लाल वा पिवळ्या गोळ्याचे निवडुंग हे कलम असते. वरचा गोळा हरितद्रव्यहीन असल्याने स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो. असा लाल प्रकार जपानमध्ये १९४१ मध्ये प्रथम टिकविला गेला. खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जवळच्या जातीचा असतो व तो थकला की वरचा भागही जातो. त्यामुळे अशी रोपे काही वर्षांत मेली, तर दोष निगेचाच असतो असे नाही.

भारतात शोभेच्या निवडुंगांचा व्यापार कालिंपाँगच्या रोपवाटिकांनी वाढविला. १९७५ पासून अंमलात आलेल्या साइट्स करारान्वये निवडुंगांच्या बहुतेक सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. बियांपासून वाढविलेली रोपे घेणे म्हणूनच इष्ट. निसर्गातून उपटलेली रोपे ओरखडे व वेडावाकडा बुंधा यांवरून पुष्कळदा ओळखू येतात. पिवळ्या काट्यांचा गोल एकिनोकॅक्टस ग्रुसोनाय आज जगभर लाखांनी वाढविला जातो, पण मेक्सिकोतील त्याच्या मूळ अधिवासाचा मोठा भाग १९९० नंतरच्या दशकात सिमापान धरणाच्या जलाशयाखाली गेला व रानात ती जाती संकटग्रस्त आहे.