मिरजेचा तंबोरा

गेल्या वर्षी आपल्या भजनी वर्गातल्या तंबोऱ्याचा आवाज बसला. तार छेडली की नुसते टणटण वाजे, घुमारा म्हणून येईना. तेव्हा तो मोडीत काढून विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी घ्यावी, असा विषय सभेत निघाला. हात वर होऊ लागले होते. मी एरवी सभेत बोलत नाही, पण त्या दिवशी राहवले नाही. माझे माहेर मिरजेचे. सतारमेकरांच्या गल्लीवरून मी शाळेत गेले आहे. "एकदा मिरजेला दाखवून आणते, मग काय ते ठरवा," एवढेच मी म्हणाले. अध्यक्षाबाईंनी तंबोराही माझ्या हवाली केला आणि स्मरणिकेचा हा लेखही. तेव्हा भगिनींनी गोड मानून घ्यावा.

मिरजेत तंबोरे-सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावायची हा त्यांचा धंदा. पेशवाई 1818 साली बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला, आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. हाती कसब आहे पण काम नाही, अशी त्या घरांची गत झाली. 1850 च्या आगेमागे फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांच्या कामात हात घातला आणि आज मिरजेत चालणाऱ्या या धंद्याचे मूळ त्यांच्यापाशी जाते. सुरुवात नव्या वाद्यापासून नव्हे, बिघडलेला तंबोरा दुरुस्त करण्यापासून झाली, असे आमच्याकडे सांगतात. मला तरी ते पटते. पोलादाला धार देणाऱ्याला केसाएवढा फरक बोटाला कळतो, आणि तंबोऱ्याचे सारे मर्म त्या केसाएवढ्या फरकातच आहे.

मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, त्यामुळे गवयांचे येणेजाणे असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथे शिष्य तयार केले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याजवळ मिरजेतच शिकले आणि पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन गेले. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात तरबेज होते. गाणारा आणि करणारा समोरासमोर बसले की वाद्य सुधारते, हे त्यांच्यामुळे मिरजेला कळले असेल. 1937 साली मद्रासकडे प्रवासात त्यांचे देहावसान झाले आणि त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. दर्ग्याच्या उरुसात अजून गाणे होते. लहानपणी आम्ही आईच्या मांडीवर पेंगत ते ऐकले आहे.

आता हे काम होते कसे ते सांगते. कारखाना म्हटला तरी तो घरच असतो. पुढच्या खोलीत काम, मागे चूल. आढ्याला भोपळे टांगलेले. हे आपले भाजीचे भोपळे नव्हेत. हे कडू असतात, खाता येत नाहीत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या रानात ते पिकतात. महिनोन् महिने वाळवून, कीड आहे का, साल जाड आहे का, हे पाहून कारागीर ते घेतो. मग पाण्यात भिजवून तोंड कापायचे, आतला गर-बिया खरवडून काढायच्या आणि आकार बसावा म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवायचा. दांडी तुनाच्या लाकडाची, आतून पोकळ कोरलेली. भोपळ्यावर तबली बसते, तीही लाकडाचीच, मधोमध किंचित फुगीर. दांडी व भोपळा जुळतो तिथे कोरलेली पाने दिसतात ना, ती नुसती शोभेची नाहीत, सांध्याला बळकटी देतात. (आपण बायका साडीला फॉल लावतो, त्यातलाच प्रकार!) पूर्वी हस्तिदंताची नक्षी करीत. त्यावर बंदी आल्यापासून प्लास्टिक आले. शेवटी स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचे हात.

तंबोऱ्यात मर्दानी आणि जनानी असे दोन प्रकार असतात. जनानी तंबोऱ्याचा भोपळा लहान आणि दांडी आखूड, कारण बायकांचा सूर उंच. तो आला की मला हिराबाई बडोदेकर आठवतात. खाँसाहेबांची ही मुलगी 1905 साली मिरजेत जन्मली. घरंदाज बाईने लोकांपुढे बसून गाणे हे ज्या काळी कमीपणाचे मानीत, त्या काळी, 1920 नंतरच्या दशकात, त्यांनी तिकीट लावून जलसे केले. आज आपल्या सुना-मुली गणपतीत मांडवात तंबोरा घेऊन बसतात आणि कोणी नाक मुरडत नाही, ते अशा बायकांनी आधी सोसले म्हणून.

असो. मी तंबोरा घेऊन गेले ते एका वयस्क कारागिराकडे. त्यांनी एकदा तार छेडली आणि म्हणाले, "ताई, वाद्य चांगलं आहे. जवारी गेलीय." घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्याला चाटत चाटत थरथरते, म्हणून तो भरलेला आवाज निघतो. वर्षानुवर्षे तार घासून तिथे खाच पडते. ते कानसेने दोन हात मारीत, तार लावीत, ऐकत, परत तार काढीत. असे किती वेळा केले ते मी मोजले नाही. माझा चहा निवून गेला. अखेर तारेखाली दोरा सरकवला आणि एका जागी तो येताच खोली भरून गेली.

मी विचारले, मुलगा शिकतो का हे? म्हणाले, "तो कंपनीत आहे. हात शिकवता येतो, कान कसा शिकवू?" 1979 च्या सुमारास बंगलोरला विजेचा तंबोरा निघाला, आता तर तो फोनातही आला. त्याला भोपळा नको, तून नको, जवारी नको. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेबाहेरच्या कोणी ते नाव लावू नये. त्या कागदाचे त्यांना कौतुक होते, भिंतीवर बातमी चिकटवलेली होती. पण गल्लीत माझ्या लहानपणी जितकी कानस ऐकू येई तितकी आता येत नाही, हेही खरे.

पेटीच्या किमतीच्या मानाने मजुरी अगदीच थोडी झाली. तिची पावती चिटणीसबाईंकडे दिली आहे. तंबोरा मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे. त्याला उन्हात ठेवू नये, आणि मुलांना खुंट्या पिळू देऊ नयेत. त्याची खोळ धुवायला कोणी नेली असेल तर त्यांनी गुरुवारच्या भजनाआधी आणून द्यावी.