निर्वासितांची मतपेटी

तापी नदी ज्या मुखाने समुद्रास मिळते, तेथे हजीरा हे गाव वसले आहे. लगतच सुवाळीचा किनारा. सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजांची जहाजे येथे नांगर टाकीत असत. १७७५ च्या फेब्रुवारीत मराठ्यांच्या राज्यातून परागंदा झालेला एक पुरुष याच परिसरात, सुरतेस, इंग्रजांच्या आश्रयास आला. ते रघुनाथराव पेशवे होत. नारायणरावांच्या खुनानंतर मिळालेली गादी बारभाईंच्या कारस्थानामुळे त्यांच्या हातून निसटली होती. ती परत मिळवण्यासाठी त्यांनी ६ मार्च १७७५ रोजी इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली, शिवाय सुरत-भडोच प्रांतांतील वसुलाचा हिस्सा. परिणाम सर्वश्रुत आहे. दादांना गादी मिळाली नाही. साष्टी मात्र कायमची गेली.

देश सोडून जावे लागलेल्या माणसाने आपला हक्क कोणाच्या बळावर सांगावयाचा, हा प्रश्न इतिहासात वारंवार उभा राहतो. बहुतेकांनी त्याचे उत्तर परक्यांच्या फौजेत शोधले. विसाव्या शतकात हिमालय उतरून भारतात आलेल्या एका लोकसमूहाने मात्र ते मतपेटीत शोधले. हा समूह तिबेटी निर्वासितांचा होय.

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथील उठाव मोडला गेला आणि दलाई लामा त्याच महिन्याच्या अखेरीस भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो लोक आले. त्यांतील पुष्कळांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर खडी फोडून पोट भरावे लागले. अशा हलाखीत प्रथम अन्नवस्त्राचा विचार व्हावा, हे स्वाभाविक होते. परंतु १९६० च्या आरंभी बोधगया येथे तिन्ही प्रांतांतील प्रमुख मंडळी जमली आणि लोकनियुक्त प्रतिनिधी मंडळाची कल्पना पुढे आली. २ सप्टेंबर १९६० रोजी पहिल्या १३ प्रतिनिधींनी शपथ घेतली. यू-त्सांग, खाम आणि आमदो या तीन प्रांतांचे प्रत्येकी तीन आणि चार धर्मपंथांचा प्रत्येकी एक, अशी त्याची रचना होती. तिबेटी लोक आजही हा दिवस लोकशाही दिन म्हणून पाळतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही लोकशाही प्रजेने राजाकडून हिसकावून घेतलेली नव्हती. प्रजा नको म्हणत असता धर्मगुरूनेच तिचा आग्रह धरला. १९६३ साली भावी तिबेटच्या राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. प्रतिनिधींच्या बहुमताने दलाई लामांचे अधिकार काढून घेता येतील, असे कलम त्यात त्यांच्याच आग्रहाने घातले गेले. भाविक जनतेला ते कलम रुचले नाही. पण ते राहिले. १९९१ मध्ये नवी सनद संमत होऊन प्रतिनिधी मंडळास कायदे करण्याचा पूर्ण अधिकार मिळाला. २००१ मध्ये मंत्रिमंडळाचा प्रमुख थेट मतदानाने निवडला गेला. २०११ मध्ये दलाई लामांनी आपली उरलेली राजकीय सत्ताही सोडली आणि लोबसांग सांगे हे निवडून आलेले प्रमुख सूत्रे हाती घेते झाले. त्या निवडणुकीत एकोणपन्नास हजारांहून अधिक लोकांनी मत दिले. ते भारतभर आणि परदेशांत विखुरलेले होते. नेपाळमध्ये तर ऑक्टोबर २०१० च्या प्राथमिक फेरीत पोलिसांनी मतपेट्याच उचलून नेल्या होत्या.

महाराष्ट्रालाही ही गोष्ट परकी नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगाव परिसरात, नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तो भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. धान पिकवणाऱ्या या मुलखात हिमप्रदेशातील माणसे शेती करू लागली. हिवाळा आला की अशा वसाहतींतील अनेक कुटुंबे लोकरीचे कपडे विकण्यासाठी शहरोशहरी जातात. आणि निवडणूक आली की तेथील मतदार गोंदियाचा प्रतिनिधी निवडत नाही. ज्या प्रांतातून आपले आईबाप आले त्या प्रांताचा प्रतिनिधी तो निवडतो. ज्याने यू-त्सांग वा खाम कधी पाहिलेच नाही, असा विदर्भात जन्मलेला तरुण त्या प्रांताच्या नावाने मत देतो. मतदारसंघ जमिनीवर नाही, स्मरणात आहे.

मतदानास वय १८ लागते, उमेदवारीस २५. मतदाराजवळ हिरवे पुस्तक असावे लागते. त्यात स्वेच्छेने दिलेल्या वार्षिक वर्गणीची नोंद असते. निवडणूक दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत मतदार आपल्या मनातील नाव लिहून देतात आणि पुढे आलेल्या नावांतून दुसऱ्या फेरीचे उमेदवार ठरतात. भिक्षूंना प्रांतासाठी एक आणि पंथासाठी एक अशी दोन मते असतात, यावर पुष्कळ वाद झाला आहे. सभागृहही भांडणापासून मुक्त नाही. २०२१ मध्ये न्यायाधिकाऱ्यांच्या बडतर्फीवरून प्रतिनिधींत दोन तट पडले. शपथ कोणापुढे घ्यावयाची, यावर काही महिने अडून राहिले आणि शपथविधी ऑक्टोबरात झाला. ज्या सभेजवळ भूमी नाही, सैन्य नाही, जिला जगातील एकही सरकार राज्यकर्ती म्हणून मानीत नाही, तिने शपथेच्या रीतीवरून इतके झगडावे, याचे कोणास हसू येईल. परंतु जेथे नियमाखेरीज दुसरे काहीच हाती नाही, तेथे नियम हेच राज्य असते.

याहून अवघड पेच मात्र भारतभूमीतच उभा राहिला. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक ठरते. हा कायदा तिबेटी निर्वासितांच्या मुलांनाही लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदार यादीत घेण्याचा आदेश दिला आणि काही तिबेट्यांनी त्या वर्षी लोकसभेसाठी मत दिले. आता प्रश्न घरोघरी आला. एका पिढीस वाटते की भारताचे मत स्वीकारले तर तिबेटवरचा दावा सैल होईल. निर्वासितपण हीच त्यांची साक्ष आहे. दुसरी पिढी विचारते की ज्या गावात जन्म झाला, त्या गावच्या रस्त्याविषयी आणि शाळेविषयी बोलण्याचा अधिकार का सोडावा? दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, म्हणूनच हा पेच कठीण आहे.

त्याचा निकाल बाहेरच्यांनी देण्याचे कारण नाही. इतके मात्र म्हणता येईल की परक्या फौजेच्या जोरावर मागितलेला हक्क त्या फौजेच्या मालकाचा होतो. मतपेटीतून मागितलेला हक्क, यश येवो वा न येवो, मागणाऱ्याचाच राहतो. १९६० साली खडी फोडणाऱ्या माणसांनी १३ प्रतिनिधी निवडले, तेव्हा त्यांना देश मिळाला नाही. परंतु आपण प्रजा नसून नागरिक आहोत, हे ज्ञान त्यांना मिळाले. देश परत मिळाला तरी ते ज्ञान लागेल, आणि न मिळाला तरी तेच त्यांना एकत्र ठेवील.